आधी पाहा, मग दाणे टाका

मुलाला किंवा मुलीला पक्ष्यांचा नाद लागला की घरात दोन गोष्टी लगेच होतात. आजोबा बाल्कनीत बाजरीची वाटी ठेवतात आणि आई-बाबा दुर्बिणीच्या किमती पाहायला बसतात. हौस चांगलीच आहे, पण क्रम उलटा झाला. थोड्याच दिवसांत वाटीवर पारवे कब्जा करतात, खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि वीस पटीची जड दुर्बीण कपाटात जाऊन पडते. मुलाला मात्र दयाळ कुठला आणि चिरक कुठला, हे अजून सांगता येत नसतं.

म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच: आपल्या आसपास कोण येतं, काय खातं, कुठे बसतं हे मुलाला आधी कळू द्या. त्यानंतर पाणी, मग झाडं, आणि खाऊ सगळ्यात शेवटी, तोही बेतानं.

पहिला महिना खिडकीत

पक्षी पाहायला जंगलच लागतं असं नाही. जुन्या सोसायटीत चार-दोन मोठी झाडं असली, जवळपास थोडी मोकळी जागा असली, तरी महिन्याभरात पंधरा-वीस जाती दिसू शकतात. कावळा, डोमकावळा, पारवा, साळुंकी, चिमणी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, कोकिळ, भारद्वाज, कोतवाल, वेडा राघू, पोपट, घार, खंड्या आणि दिवेलागणीला तारेवर येऊन बसणारा पिंगळा. ही मंडळी पक्की ओळखीची झाल्याशिवाय अभयारण्यात जाऊन फारसं काही हाती लागत नाही. समोरचा पक्षी नवा आहे, हे कळायलाही रोजचे पक्षी माहीत असावे लागतात.

मुलाला साधी वही द्या आणि चार रकाने आखायला सांगा: तारीख-वेळ, पक्षी, कुठे होता, काय करत होता. रोज एकाच जागी पंधरा-वीस मिनिटं बसलं तरी पुरे. सकाळचे पहिले दोन तास उत्तम. शाळा सकाळची असेल तर उन्हं उतरल्यावरची वेळ. चारांतला शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘बुलबुल दिसला’ या नोंदीतून काही कळत नाही. ‘बुलबुलाची जोडी कढीपत्त्याच्या झाडावर, पिकलेली काळी फळं खात होती’ या नोंदीतून बुलबुलाला काय आवडतं हेही कळतं आणि कुंडीत काय लावायचं हेही.

नाव माहीत नसेल तर वाकडंतिकडं का होईना, चित्र काढायचं आणि आकार लिहायचा. आकार सेंटिमीटरमध्ये सांगणं मोठ्यांनाही जमत नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार ही चढती पट्टी मुलाला पाठ करू द्या. मग ‘बुलबुलाहून मोठा, साळुंकीहून लहान’ असं सांगता येतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९४१ साली निघालेल्या आपल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्येही अशाच ओळखीच्या पक्ष्यांच्या मापानं आकार सांगितले आहेत.

पालकांना नाव येत नसेल तर ठोकून देऊ नये. लहानपणी स्वतःच मारलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीचं नाव विचारायला सलीम अली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना कपाटं उघडून पक्ष्यांचा सगळा संग्रह दाखवला. पोराच्या प्रश्नाला कुणीतरी गंभीरपणे उत्तर दिलं, याचा पुढे केवढा उपयोग झाला हे आपण जाणतोच. जाणकार माणसाशी गाठ घालून देणं, हे पालकांचं यातलं मोठं काम.

काळे-पांढरे चौघे

‘काळा-पांढरा पक्षी पाहिला!’ असं मूल सांगत आलं तर आपल्याकडे या वर्णनात निदान चौघे बसतात. रंगावर अडून न राहता दोन प्रश्न विचारा: कुठे होता? शेपटी काय करत होती?

बागेत, झाडाच्या उंच फांदीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर होता, पोट पांढरं होतं, पंखावर लांब पांढरा पट्टा होता आणि शेपटी मध्येच उभी करत होता, तर तो दयाळ. उन्हाळ्यात पहाटे लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो तो हाच.

माळावर, दगडधोंड्यांत किंवा घरामागच्या पडीक जागेत जमिनीवर तुरुतुरु धावत होता, पंखावर छोटासा पांढरा डाग होता आणि शेपटी पाठीवर घेतल्यावर बुडाखालचा विटकरी रंग दिसला, तर तो चिरक.

शेताच्या बांधावर काटेरी झुडपाच्या टोकाशी किंवा कुंपणाच्या तारेवर बसला होता, खाली झेप घेऊन किडा टिपून पुन्हा जागेवर येत होता आणि उडताना कमरेवर पांढरं चमकलं, तर तो गप्पीदास. आकार चिमणीहून लहानच.

पाण्याच्या काठानं चालत होता, शेपटी सारखी खाली-वर हलत होती, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई होती, तर तो धोबी.

आणखी एक मेख आहे. दयाळची मादी करडी असते, चिरक आणि गप्पीदास यांच्या माद्या मातकट तपकिरी. त्यामुळे एक पक्षी दिसला की जोडीदार कुठे आहे, हे शोधायची सवय लावा. चौघांचा हा घोळ एकदा सुटला की रंगाआधी जागा आणि हालचाल पाहायची असते, हे मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

दुर्बीण घेताना

महिन्यानंतरही वही चालू असेल तर खुशाल दुर्बीण घ्या. ८ × ४२ हे माप सर्वांत सोयीचं. लहान हातांना ८ × ३० किंवा ८ × ३२ हलकी पडते. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा किंवा वीस पटीच्या मोहात पडू नका. जितकी पट जास्त तितकी हाताची थरथर जास्त दिसते, दिसणारा भागही आक्रसतो, आणि फांद्याफांद्यांतून उड्या मारणारा शिंपी त्यात सापडतच नाही.

दुकानात मुलाला बरोबर न्या. दोन्ही नळ्या जवळ आणल्यावर त्याला एकच गोल दिसला पाहिजे. दोन दिसत असतील तर ती दुर्बीण त्याच्या डोळ्यांमधल्या अंतराला मोठी आहे. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडायचे किंवा आत फिरवायचे. वापरण्याची रीत अशी: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण वर आणायची. पट्टा कायम गळ्यात. आणि सूर्याच्या दिशेला दुर्बीण कधीही लावायची नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी बजावा.

मोबाइलवरचं ‘मर्लिन’ अॅप फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. ते कामाचं आहे, पण आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा आणि मग अॅपला विचारायचं, असा दंडक ठेवा. अॅपही चुकतं, आणि ते कुठे चुकलं हे पकडण्यात मुलांना भलताच आनंद होतो.

बाहेर पडताना

पहिल्या फेऱ्या घराजवळच्या, दोन-अडीच तासांच्या ठेवा. जागा निवडताना जंगलापेक्षा तळं बरं. दाट झाडीत आवाज भरपूर येतात, पण दिसत काही नाही आणि मुलं कंटाळतात. पाण्यावर पक्षी उघड्यावर असतात, बराच वेळ एका ठिकाणी थांबतात. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, लाल लांब पायांचा शेकाट्या, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, काठावर पुतळ्यासारखी उभी राहणारी ढोकरी आणि पांढऱ्या चोचीचा काळा वारकरी, एवढे जण पहिल्याच सकाळी ओळखीचे होऊ शकतात.

पुणेकरांना पाषाण तलाव, वेताळ टेकडी आणि सोलापूर रस्त्यावरचा कवडी पाट आहे. थंडीत पूर्ण दिवस काढता आला तर उजनी धरणाच्या जलाशयावरचं भिगवण. मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याची खाडी आणि थोडं पुढे कर्नाळा. नाशिककरांजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मराठवाड्यात जायकवाडीचा जलाशय, नागपुरात अंबाझरी आणि गोरेवाडा. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की चोडण बेटावर सलीम अलींच्याच नावाचं, खारफुटीतलं अभयारण्य आहे. यांतली एकच जागा धरून वर्षभर तिथे पुन्हा पुन्हा जाणं हे दहा ठिकाणं पालथी घालण्यापेक्षा जास्त शिकवतं.

त्याच जागी ऋतू बदलताना दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला स्थलांतर करून येणारे धोबी आणि बदकं दिसू लागतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की एकाच झाडाखाली तासभर बसा. भोरड्या, साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, बुलबुल सगळे तिथेच येतात. उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक दिवसभर चालते. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा ऐकू येतो, चातक येतो, आणि पाऊस लागला की विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकू लागतात.

तयारी थोडकी. मातकट किंवा हिरवट कपडे, बूट, टोपी, पाणी, खायला काहीतरी, वही-पेन्सिल. पांढरा आणि भडक रंग टाळा. चार-पाचांहून जास्त जण नकोत, आणि मुलांबरोबर एक मोठं माणूस हवंच. तळ्याकाठचा गाळ आणि शेवाळलेले दगड फसवे असतात. मूल ‘घरी चला’ म्हणालं की निघायचं. आज किती जाती झाल्या याची शर्यत लावली की मूल पक्षी पाहायचं सोडून यादी भरायला लागतं.

काही गोष्टी मात्र ठामपणे नाहीच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं, खाणं सोडून हैराण होतो. घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी पानं-फांद्या बाजूला करायच्या नाहीत. आपण उघडं पाडलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं. नावेतून रोहित (फ्लेमिंगो) पाहताना थवा उडवून दाखवायला नावाड्याला सांगायचं नाही, उलट लांबच थांबवायला सांगायचं. घुबडाची ढोली सापडली तर ती सगळ्या गटांवर जाहीर करायची नाही.

पाणी: पहिली सोय

आता घराकडे वळू. पक्ष्यांसाठी एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा. दाणे खाणारे, फळं खाणारे, किडे खाणारे सगळे पाण्यावर येतात. कुंभाराकडचं मातीचं पसरट परळ सर्वांत चांगलं. पाणी दोन इंचांहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे चिमणीसारख्या लहान पक्ष्यालाही पाय टेकता येतो. जागा सावलीची हवी, जवळ बसायला फांदी हवी, पण मांजराला दबा धरता येईल अशी झुडपं परळाला खेटून नकोत.

पाणी रोज सकाळी बदला आणि परळ काथ्यानं घासा; साबण नको. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात डासांची पैदास होत नाही. हे काम मुलाकडेच सोपवा. तिथे बसलं तर पाहायलाही पुष्कळ मिळतं. साळुंकी पाण्यात उतरून सगळं परळ उपसते. शिंजीर मात्र परळाकडे फिरकला नाही तरी नवल नाही. कुंड्यांना पाणी घातलं की तो ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ उरकतो.

झाडं: कायमचं जेवण

शिंजीरासाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्यापेक्षा अडुळसा, जास्वंद, शेवगा लावा. बुलबुल आणि कोकिळ यांच्यासाठी कढीपत्ता आणि तुती. आवार मोठं असेल तर उंबर, पांगारा, काटेसावर. उंबर पिकला की तांबट, हळद्या आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांची पंगत बसते. शिंप्याला फूल-फळ नको असतं; रुंद पानांचं झुडूप मिळालं की तो पानं शिवून त्यात घरटं करतो.

आणि औषधं मारू नका. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती मुख्यतः किडे आणि अळ्याच भरवते. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवर अळ्या दिसल्या की फवारणी करायची आणि मग चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळायचं, यात अर्थ नाही. चिमणीसाठी खोका लावणार असाल तर भोक सव्वा ते दीड इंचाचं ठेवा, बाहेर बसायला दांडी नको, आणि खोका उंचावर, सावलीत लावा.

खाऊ: थोडा आणि विचारून

इथे वही उघडा. गेल्या काही महिन्यांत कोण काय खाताना दिसलं? दयाळ, शिंपी, कोतवाल, वेडा राघू हे किडे टिपणारे. त्यांना तुमच्या वाटीशी देणंघेणं नाही. बुलबुल, तांबट, साळुंकी, कोकिळ यांच्यासाठी पपईची, केळ्याची किंवा पेरूची फोड ठेवता येईल. दुपारच्या आत उरलेली उचला, नाहीतर मुंग्या आणि चिलटं होतात. चिमणी, मुनिया, होला यांना बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी चालते. चमचा-दोन चमचे, तासाभरात संपेल एवढीच.

शेव, फरसाण, चिवडा, फोडणीचा भात, पाव, बिस्किटं, दूध यांतलं काहीही नको. मीठ आणि तेल लहान पक्ष्याच्या अंगाला सोसत नाही, आणि पावानं पोषण न होता नुसतं पोट भरतं. ओलसर, बुरशी आलेले दाणे तर अजिबात नकोत.

दाण्यांवर पारवे यायला लागले तर दाणे बंद करा; हा नियम कठोर वाटला तरी पाळा. पारव्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली की काही जणांना फुप्फुसाचा गंभीर विकार होतो. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात हाच मुद्दा होता. चिमण्यांना दाणे द्यायचेच असतील तर चिमणी आत शिरेल पण पारवा शिरणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा.

भांडं आठवड्यातून एकदा गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. एखादा पक्षी पिसं फुगवून मलूल बसलेला, किंवा डोळ्या-चोचीभोवती गाठी आलेला दिसला तर दोन आठवडे खाऊ बंद. एका भांड्यावर गर्दी झाली की रोग पसरतात. काचेचाही विचार करा. खाऊ खिडकीपासून तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला वाव नसतो. नाहीतर चांगला तीस फूट लांब. मोठ्या काचांवर बाहेरून दोन-दोन इंचांवर उभ्या पट्ट्या चिकटवा.

या सगळ्यात मूल ‘आपण पोपट पाळू या का?’ असं विचारणारच. आपल्याकडचे पोपट, मुनिया पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्याला स्पष्ट सांगा.

पिल्लू सापडलं तर

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्रं येण्याची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. आपण हात लावला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. बिनपिसाचं पिल्लू घरट्यातून पडलं असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत ठेवा. संक्रांतीत मांजात अडकलेला किंवा जखमी पक्षी मिळाला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

वहीचं पुढे काय?

नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर टाकता येतात, मूल लहान असेल तर पालकांच्या खात्यावरून. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून. त्यांत हौशी माणसं पुष्कळ होती. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजून भाग घेता येतो, भारतात तो २०१३ पासून होतो. महाराष्ट्रात निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मुलाला जाणकारांबरोबर बाहेर पाठवायला हा आठवडा चांगला.

वर्ष झालं की वही मुलालाच वाचायला लावा आणि पुढच्या वर्षी पक्ष्यांसाठी काय करायचं, हे त्यालाच ठरवू द्या. दाण्यांवर चिमण्यांपेक्षा पारवेच जास्त आले असतील तर वाटी बंद करण्याचा निर्णय तो स्वतः घेईल. कदाचित आवारात उंबर हवा असं त्याचं मत पडेल. तसं झालं तर सोसायटीच्या सभेत भिंतीपासून लांबची जागा मागायला त्यालाच उभं करा. वर्षभराच्या नोंदी हातात असलेल्या पोराला ‘बस खाली’ म्हणणं अध्यक्षांनाही जड जाईल.